चौकीच्या अंगणातला शॉर्टस्टॉप

मन्मथ सर नव्या मुलीला आधी नाव विचारत नसत. तिच्या पायाशी जोरात चेंडू सोडत. बाजूला उडी मारली तर "उद्या ये" म्हणत, वाकली तर नाव विचारत. मी वाकले ती चपलेचा अंगठा तुटला म्हणून. चेंडू आपसूक हातात आला आणि सरांनी मला शॉर्टस्टॉप करून टाकलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा बेसबॉलमधली सगळ्यात धावपळीची. सरकारी खात्याच्या संघाकडून सर बारा वर्षं तिथंच खेळले आणि गुडघा गेला तेव्हा गावी, ताडकळसला परतून आम्हाला शिकवायला लागले.

शिकवायचे खुर्चीवरून. मी थांबून चेंडू घेतला की ओरडायचे नाहीत, चौकशी करायचे, "बॉल काय पाव्हणा हाय का, वाट बघत बसायला? तू जा की म्होरं." त्यांना खेळताना आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. खरं सांगते, पाठीमागे हसायचो.

राज्य संघाची निवड चाचणी परभणीला होती. सकाळी दहाच्या आत पोचली नाही तिचं नाव कटणार होतं, आणि वयाच्या अटीत माझी ती शेवटची संधी. नेमका त्याच दिवशी शहरात मोर्चा. वाटेत पोलिसांनी जीप चौकीत घेतली, कारण आत आम्ही नऊजणी आणि नऊ बॅटी. आपल्याकडे बेसबॉलची बॅट मारामारीतच जास्त दिसते, त्यांची तरी काय चूक? सरांनी शाळेचं पत्र दाखवलं. चौकीतले साहेब म्हणाले, मोर्चा संपेपर्यंत बसा.

सरांनी माझा ग्लोव्ह चढवला आणि लंगडत अंगणात जाऊन उभे राहिले. मला म्हणाले, "मार."

मी हळूच मारला.

"साहेब बघायलेत. जोरात मार."

मग मी हात राखला नाही. सर डावीकडे गेले, उजवीकडे गेले, एकदा तर पार मातीत झोपले. मी मारलेल्या दहा चेंडूंतला एकही सुटला नाही. प्रत्येक चेंडू फाटकाजवळ उभ्या राहिलेल्या आमच्यातल्या एकीच्या बरोबर छातीशी परत जायचा, तिला पाऊलही हलवावं लागलं नाही. साहेब खुर्चीतून उठले आणि म्हणाले, सोडा यांना.

दहाला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो. सरांचा गुडघा टरारून सुजला होता, त्यांना जीपमधून उतरवेना. मला रडूच फुटलं. इतकं देखणं खेळणारा माणूस रोज बसून आमचे सुटलेले चेंडू बघत होता, आणि आम्ही त्याला हसत होतो.

"रडायलीस काय?" सर म्हणाले. "मला उतरता येईना, तुला येतंय ना. पळ."

मी पळाले. संध्याकाळी संघाच्या यादीत माझं नाव लागलं. त्या दिवशी मी एकही चेंडू सोडला नाही. कोणत्या तोंडाने सोडला असता?