शेवटच्या फेरीची घंटा

पेणच्या खारेपाटात, खाडीकाठच्या सपाट खाऱ्या जमिनीत आमचं गाव. तिथली सगळ्यात उंच जागा म्हणजे खाडीचा बांध. त्यामुळे नव्वदच्या दशकात मी रोह्याच्या टेकडीवरच्या सायकल शर्यतीत नाव दिलं, तेव्हा तिथली पोरं दात काढून हसली. ‘मिठागरवाल्यांना चढ कुठला माहीत?’ हे एकच वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. बक्षिसाचं मला काही पडलं नव्हतं, त्या पोरांची तोंडं बंद करायची होती.

गावात चढ नव्हता, म्हणून मी वारा धरला. दुपारी खाडीवरून वारा सुटला की बाबांच्या काळ्या सायकलच्या कॅरियरला मिठाची गोण बांधायची आणि बांधावरून समोरच्या वाऱ्यात रेटायची. बाबा मिठागरातलं काम थांबवून बघायचे आणि ‘मीठ सांडू नको’ एवढंच म्हणायचे. पण शर्यतीच्या दिवशी टेम्पो त्यांनीच ठरवला. डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या गावकऱ्यांना शिफ्ट बदलायला लावली. वर खिशात गुलालाची पुडी.

रस्ता टेकडीला वळसा घालून परत सुरुवातीच्या मंडपापाशी यायचा, आणि मंडप संपला की लगेच उभा चढ. अशा पाच फेऱ्या. पहिल्याच फेरीत छाती फुटायची वेळ आली. पण गोणीवाचून सायकल हलकी लागत होती, आणि हळूहळू एकेक रोहेकर मागे पडत गेला. मग पुढे कुणीच उरलं नाही. फेऱ्या मोजायचं भान तर मला केव्हाच सुटलं होतं.

उतार संपवून मंडपापाशी आलो आणि घंटा वाजली.

आमच्या जत्रेत होड्यांची शर्यत असते. पहिली होडी धक्क्याला लागली की देवळातली घंटा वाजते आणि शर्यत संपते. घंटेचा दुसरा अर्थ आम्हाला ठाऊकच नव्हता. मी ब्रेक दाबला, खाली उतरलो आणि दोन्ही हात वर केले. टेम्पोतलं अख्खं गाव धावून आलं. बाबांनी पुडी माझ्या डोक्यावर रिकामी केली. तेवढ्यात बाजूने एक सायकल गेली, मग दुसरी, तिसरी. माइकवरचा माणूस हसू आवरत म्हणाला, “अहो, एक फेरी बाकी आहे. घंटा शेवटच्या फेरीची होती!”

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. मी कसाबसा सायकलवर बसलो, तर बाबा सीटला धरून मला चढावर ढकलत धावायला लागले, लहानपणी सायकल शिकवताना धावायचे तसेच. “सोडा ना! लोक बघतायत!” मी सगळ्यांदेखत खेकसलो. त्यांनी हात काढला, पण पंचांची शिट्टी वाजली होती. ढकलत नेलेला स्पर्धक बाद.

परतताना टेम्पोत मी बाबांकडे पाठ करून बसलो होतो. दारात आईनं माझं लाल डोकं बघितलं आणि ओवाळायला ताट आणायला आत वळली.

“थांब गो,” बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पोर जिकत होता. मीच त्याला मधी उतरवला. माझी चूक हाय.”

“नाय गो आई, मीच थांबलो,” मी म्हटलं.

“तू गप,” बाबा म्हणाले.

घंटेपाशी मी आपणहून थांबलो की बाबांनी थांबवलं, हे त्या गर्दीत कुणी नीट पाहिलंच नव्हतं. त्यामुळे गावात बाबांचीच गोष्ट राहिली. बापानं गुलालाच्या घाईत पोराची शर्यत घालवली. लग्नकार्यात ती रंगवून सांगितली जायची, आणि बाबाही सगळ्यांबरोबर हसायचे. आता बाबा नाहीत. गोष्ट निघाली की मी अजूनही मध्येच म्हणतो, “नाय, थांबलो मी होतो.” मला शरमेनं वर बघवत नाही. लोक मात्र कौतुकानं माझ्या पाठीवर हात ठेवतात.

“बापाला बोल लागू देत नाय,” म्हणतात. “गुणाचा पोर हाय.”