ट्रेलरची खिट्टी

लग्न झाल्यापासून सोफी हावरिलाकनं नवऱ्याकडे, नेस्टरकडे, एकच गोष्ट मागितली होती: जुलैत तळ्याकाठी सबंध आठवडा. मागणं काही जगावेगळं नव्हतं. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या त्या माळावरचं अर्धं गाव उन्हाळ्यात ट्रेलर ओढत तळ्यावर जातं. हावरिलाकही जात आणि दोन दिवसांत परत येत. कारण पश्चिमेला ढग दिसला की नेस्टरला म्हणे आपल्या गव्हावर गारा पडताना दिसायच्या. जणू हा घरी जाऊन शेतावर छत्री धरणार होता.

बाकीचे लोक पोचल्या पोचल्या ट्रेलर सोडवतात आणि मोकळा ट्रक घेऊन गावात आइस्क्रीम खायला जातात. यांचा ट्रेलर कायम ट्रकला जोडलेला. दोघांना जोडणाऱ्या आकड्याची खिट्टी जागच्या जागी गंजून गेली होती.

यंदा मात्र सोफी निर्धास्त होती. मुलं शहरात, नेस्टरचे गुडघे गेलेले, म्हणून वसंतातच घरासकट शेत शेजारच्या ब्रेंटला विकून टाकलं होतं. आता कसला गहू नि कसल्या गारा.

तरी वाटेत नेस्टरनं ट्रक थांबवलाच. परक्या शेतातली ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली, दाणे तोंडात टाकले.

"कुणाचं शेत आहे ते?" सोफीनं विचारलं.

"असेल कुणाचं तरी. दाणा अजून दुधात आहे."

"मग जा, मालकाला सांगून ये. वाटच बघत असेल तुझी."

तळ्यावर पोचल्यावर ती म्हणाली, "खिट्टी काढ."

"काढतो. कॉफी तर होऊ दे."

कॉफी झाली, बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोह्या खाऊन झाल्या, दुसरा दिवसही झाला. नेस्टर ट्रेलरभोवती घिरट्या घालत होता, चाकांना लाथा मारून बघत होता. सोफीचा जीव नुसता जळत होता.

"जरा बस की एका जागी."

"हा काय बसलोय."

"बसलायस कुठे, टेकलायस."

तिसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेला ढग चढला. काळा, पोटाशी हिरवट. मग काय झालं ते दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. खुर्च्या मिटल्या, शेगडी विझली, ट्रक खडीच्या रस्त्याला लागला. मागे ट्रेलर खडखडत होता.

"ढग उत्तरेला वळला तर वाचलो," सोफी म्हणाली.

"वळेल."

जुन्या घराच्या वळणावर खांबाला टपालाची नवी पेटी होती. तिच्यावर ब्रेंटचं नाव. नेस्टरनं ब्रेक दाबला. तेवढ्यात टपावर गारा वाजायला लागल्या आणि समोरचा गहू डोळ्यांदेखत आडवा झाला. ब्रेंटचा गहू. सोफीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

"अडवायचं तरी होतंस मला," नेस्टर म्हणाला.

इतक्या वर्षांचं सगळं ऐकवायला तिनं तोंड उघडलं आणि ती थबकली. ढग चढला तेव्हा हा तर तळ्यावर कॉफीचा कप हातात धरून नुसता ढगाकडे बघत उभा होता. चल, असं तो म्हणालाच नव्हता.

"खुर्च्या मी मिटल्या," ती म्हणाली.

"दरवर्षी तूच मिटतेस." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "मला वाटायचं, तुझं मन नाही लागत तळ्यावर. म्हणून तर मी ट्रेलर सोडवत नव्हतो."

गारा थांबल्या. मग सोफी म्हणाली, "वळव ट्रक."

तळ्यावर पोचल्यावर तिनं स्वतःच हातोडा काढला आणि आकड्यापाशी उकिडवी बसली. खिट्टी हलेना. नेस्टरनं तेल सोडलं. ती दमली की तो ठोकायचा, तो दमला की ती. शेजारच्या ट्रेलरमधले लोक बाहेर येऊन बघायला लागले.

पश्चिमेला परत आभाळ भरून येत होतं. सोफीनं एकदा तिकडे पाहिलं. मग तिनं नेस्टरच्या हातातून हातोडा घेतला आणि परत ठोकायला लागली.