पश्मी

सन २०२२, डिसेंबर महिना, मार्गशीर्षातली थंडी. तपशील आधीच नीट सांगून ठेवते, कारण पुढच्या हकिगतीत माझा शहाणपणा कुठेही सापडणार नाही. निदान महिना तरी अचूक असावा.

तुळजापूरबाहेर आम्ही नवे घर बांधले होते. शेजार विरळ. म्हणून आमच्या यजमानांनी नळदुर्गजवळच्या महादप्पांकडून दीड महिन्याची एक कुत्री मागवली. महादप्पांकडे ही जात तीन पिढ्यांची. ते पैसे घेत नाहीत. पहिल्या वेतातले एक पिल्लू परत द्यायचे, एवढाच शब्द. फुकट देणारा माणूस दिसला की मी आधी चष्मा पुसते.

पिल्लू सोडायला ते स्वतः आले होते.

“जात कोणती?” मी विचारले.

“पश्मी, अक्का. अस्सल.”

“म्हणजे काय?”

“म्हंजे पश्मी.”

“ते ऐकले. अर्थ विचारते आहे.”

“अर्थ कुणाला ठाव? काफिल्यासंगं इराण-काबूलकडनं आली, असं बाप सांगायचा. नाव बी तिकडलंच.”

आता तुम्हीच सांगा, आपण देतो त्या जिनसेच्या नावाचा अर्थ ज्याला ठाऊक नाही, त्याचा भरवसा कसा धरायचा? माझे वडील निजामाच्या कचेरीत कारकून होते. त्यांचा फारसी कोश मी काढला. पश्म म्हणजे लोकर, मऊ केस. पश्मिना शाल याच कुळातली. म्हणजे पश्मी ती केसाळ. भिंग घेऊन मी पिल्लाचे दोन्ही कान तपासले, शेपूट तपासले. सगळे गुळगुळीत, शाळेच्या पाटीसारखे.

“फसवणूक आहे,” मी म्हणाले.

“अगं, लहान आहे ते,” यजमान म्हणाले.

“कोशात वयाची अट दिलेली नाही.”

महादप्पांना मी फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, “वरीसभर थांबा, अक्का. केस येत्यात.”

“मी जुन्या काळची मॅट्रिक आहे, महादप्पा. पुरावा पुढच्या वर्षी देतो म्हणणाऱ्यांना मी चांगली ओळखते.”

“मग माघारी नेतो. पर चारचौघांत बोलू नका. आमाला नावाबिगर दुसरं काय न्हाय.”

पण मी आधीच बोलून बसले होते. शेजारच्या हेडमास्तरांनी दुसरे पिल्लू सांगून ठेवले होते. माझ्या सावधगिरीच्या सूचनेवरून त्यांनी नकार कळवला. पाठोपाठ आणखी दोघांनी. महादप्पा आले, पिल्लू धोतराच्या सोग्यात गुंडाळून घेऊन गेले. चहासुद्धा घेतला नाही. मी त्यातही अपराधाची कबुली पाहिली.

वर्ष उलटले. २०२४च्या जानेवारीत, पौष पौर्णिमेला आम्ही नळदुर्गला खंडोबाच्या यात्रेला गेलो. हेडमास्तर सोबत होते. गर्दीत महादप्पा दिसले. त्यांच्या शेजारी सडपातळ, उंच कुत्री उभी. कानांवरून रेशमासारख्या झुली लोंबत होत्या, शेपटीला झालर. कोशातला शब्द चार पायांवर माझ्याकडे पाहत होता.

मी तिथेच, हेडमास्तरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “महादप्पा, चूक माझी. पिल्लू अस्सल होते.”

“व्हय. तेच हे,” ते हसले. “लई गुणाची हाय. पर कुणावर इस्वास न्हाय तिचा. भाकर टाकली तरी चार येळा हुंगती, मग खाती.”

हेडमास्तरांनी तिथल्या तिथे पुढच्या वेतातले पिल्लू मागितले, आणि माझ्या मनावरचे ओझे उतरले. महादप्पांनी साखळी हलवली.

“चल गं, मॅट्रिक.”

यजमान एकाएकी देवळाचा कळस न्याहाळू लागले. मी मात्र, जन्मात पहिल्यांदाच, नावाचा अर्थ विचारला नाही.