पाचगणीतली कुस्ती

आयुष्यातला पहिला व्हिडिओ गेम मी चोपन्नाव्या वर्षी खेळलो, पाचगणीच्या बाजारात, आणि पहिल्या दहा मिनिटांत मशीनला बुक्की मारली.

बायको स्ट्रॉबेरीच्या दुकानात एकेक डबा उचलून खालच्या थरातली फळं तपासत होती. त्यात तास जाणार हे ठरलेलं. समोर एक लांबट दुकान होतं, दारावर पाटी, 'ऐंशीच्या दशकातले गेम'. आत उभ्या कपाटांसारखी मशीनं, पर्यटकांची गर्दी आणि कान किटतील असा गोंगाट. मी शिरलो तो निव्वळ जुन्या खुन्नशीने. आम्ही पोरं सांगलीच्या तालमीत होतो तेव्हा स्टँडजवळ असलंच एक दुकान निघालं होतं. वस्तादांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना ओळीत उभं करून सांगितलं, "त्या दुकानाच्या पायरीवर जो दिसंल त्याचं तंगडं मोडीन." वस्ताद बोललेलं करायचे. त्यामुळे वर्गातली पोरं ज्या खेळांच्या गप्पा मारायची, ते मी डोळ्यांनीसुद्धा बघितले नव्हते.

टोकन घेतलं आणि एका मशीनपुढे उभा राहिलो. वरून किड्यांच्या रांगा खाली येतात, आपण खालून गोळ्या घालायच्या. पोरखेळच. पण जितके मारावे तितके उरलेले जास्त वेगाने अंगावर येतात. तीनदा मेलो. चौथ्यांदा शेवटचा एकच किडा राहिला होता आणि त्याने मला गिळला. मान धरून आपटावा तर समोर काच. माझं डोकं सणकलं आणि हात आपोआप गेला. काच हादरली, आसपासची माणसं मागे सरली.

"आवं पैलवान, मशीन हाय त्ये," मागून आवाज आला. "त्येला मान न्हाई."

पैलवान हे त्याने माझ्या मोडलेल्या कानांवरून ओळखलं असणार. मी वळलो. माझ्याच वयाचा माणूस, दाढी पिकलेली, खांद्याला टोकनांची पिशवी. कान माझ्यासारखेच मोडलेले. त्याचा डावा हात कोपरात वाकलेला होता आणि बोलताना, पिशवी सावरताना तसाच वाकलेला राहत होता. तो हात मी मोडला होता.

बावीस वर्षांचा होतो मी. कराडजवळच्या एका गावची यात्रा, समोर हा, मलकापूरचा. आदल्या वर्षी याने मला माझ्याच गावच्या मैदानात दोन मिनिटांत आस्मान दाखवलं होतं आणि वर्षभर तो राग मी व्यायामाबरोबर पोसला होता. त्या दिवशी मी त्याच्या पाठीवर गेलो आणि त्याचा डावा हात मागे वळवून धरला. पंच पलीकडच्या अंगाला होते. हलगी कडाडत होती. त्याचा गाल मातीत होता आणि माझा कान त्याच्या तोंडाशी. "सोड, हात चालला," तो म्हणाला. मी स्वच्छ ऐकलं. ऐकलं आणि जोर लावला. उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं तसा आवाज झाला. त्या क्षणी मला आनंद झाला होता, भरपूर झाला होता. हे लिहायला बत्तीस वर्षं लागली.

रात्र पडायच्या आत वस्तादांनी विचारलं, तो सोड म्हणाला असं त्याची माणसं सांगतात, तरी का सोडलं नाहीस? मी म्हणालो, "हलगीत ऐकू आलं न्हाई." मग ते वाक्य मला कायमचं चिकटलं. सोयरीक ठरवताना सासऱ्यांनी त्या कुस्तीबद्दल विचारलं तेव्हा तेच. बायकोला तेच. आता माझ्या स्वतःच्या तालमीत नवीन पोरं येतात, त्यांनाही तेच सांगतो आणि वर शहाणपणा शिकवतो की समोरचा ओरडला का नाही याकडे लक्ष ठेवा. त्याला भेटायला मी कधी गेलो नाही. मलकापूरवरून शेकडो वेळा गाडी नेली असेल, पण ते आलं की मी दुसऱ्या बाजूला बघायचो. आणि आता तो माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. ते वाक्य त्याच्याही तोंडावर फेकायचं की खरं सांगायचं, याखेरीज दुसरा विचार डोक्यात नव्हता. खरं सांगायचं तर पळून जावंसं वाटत होतं.

"वळकलं का?" त्याने विचारलं.

"व्हय."

"हात ग्येल्यावर टीव्ही दुरुस्ती शिकलो. मग ही भंगारातली मशीनं आनून जिती क्येली." त्याने कोपऱ्यातल्या मशीनकडे मान केली. "त्ये दोघांचं हाय. ये. खेळू."

पडद्यावर दोन माणसं, एक पांढऱ्या कपड्यातला, एक लाल. हा दांडा, ही लाथ, ही बुक्की, एवढंच त्याने शिकवलं. वाकडं कोपर त्याने मशीनच्या कडेवर टेकवलं. मनगट शाबूत होतं आणि दांडा त्यात मुरलेला होता. मी सवयीने सलामीसाठी हात पुढे केला. त्याने टोकन टाकलं.

मग त्याने मला मारायला सुरुवात केली. माझा लाल गडी हात उचलायच्या आत त्याच्या पोटात लाथ बसायची. पडला की उठू द्यायचा आणि अर्धवट उठला की पायात पाय घालून पुन्हा पाडायचा. मी कळा दाबत होतो, दांडा पिळत होतो, माझीच मान प्रत्येक फटक्याला मागे जात होती. माझ्या कपाळावर घाम आला. भोवती माणसं जमली, कुणीतरी हसलं. दुसरी फेरी, तिसरी फेरी. माझ्या गड्याला त्याने कोपऱ्यात दाबला आणि तोंडावर, तोंडावर, तोंडावर. मी हरलोय हे सगळ्यांना दिसत होतं, त्यालाही दिसत होतं.

"सोड की रं आता," मी म्हणालो.

"हलगी लय वाजतीया," पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "काय ऐकू येत न्हाई."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याची गचांडी धरली, मशीनवर आपटला आणि मूठ उगारली. टोकनं खळखळ फरशीवर सांडली. एक बाई किंचाळली. त्याचा उजवा हात माझ्या छातीखाली अडकला होता म्हणून त्याने तोंड वाचवायला डावा उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्याच्या वर जातच नव्हता.

माझी मूठ खाली आली.

"ऐकलं हुतं मी," मी म्हणालो. "त्या दिशी. ऐकून दाबला."

त्याने उजवा हात सोडवून घेतला आणि माझ्या कानशिलात अशी ठेवून दिली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ओठ दातावर फाटला, तोंडात रक्ताची चव आली. मी हात उचलला नाही. दुसरी बसावी म्हणून गाल तसाच ठेवून उभा राहिलो. दुसरी आली नाही.

"मला तवाच कळलं हुतं," तो धापा टाकत म्हणाला. "सोड म्हनल्यावर तुजा हात जरा सैल झाला हुता. मग तू परत आवळलास. ज्येला ऐकू आलं न्हाई त्यो सैल कशापायी सोडंल, गड्या?"

"मग कुनाला सांगितलं का न्हाईस?"

"बाप कोयता घिऊन सांगलीला निघाला हुता. त्येला म्याच सांगितलं, हलगीत ऐकू ग्येलं नसंल त्येला. म्हातारा गप बसला. मग मरस्तवर तुला चांगला मानूस म्हनायचा. पेपरात तुजं नाव आलं की मला वाचून दावायचा." तो खाली वाकून टोकनं गोळा करू लागला. "हाताचं इसरलो असतो रं. ते ऐकून घ्यायचं लय जड ग्येलं."

मीही बसलो आणि मशीनच्या पायाशी गेलेली टोकनं वेचून त्याच्या पिशवीत टाकली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी बाहेर आलो.

गाडी घाटात लागली तेव्हा बायकोने ओठाला काय झालं म्हणून विचारलं. पडलो म्हणणार होतो, ते तोंडावर आलंही होतं. मी गाडी कठड्याच्या बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि ती कुस्ती जशी झाली तशी तिला सांगितली, हलगीपासून आनंदापर्यंत, आणि मग दुकानातलं, त्याने कानशिलात दिली ते आणि त्याच्या म्हाताऱ्याचं. ती मांडीवरचा डबा धरून समोर बघत राहिली. मी पुन्हा गाडी सुरू केली. खाली वाई दिसायला लागली तेव्हा तिने विचारलं,

"आवं, आन् त्यानं एकच मारली?"