पायी जायचं ठरवलंय

तुमच्या घरी राहायला आले होते, तेव्हा मी खालच्या हॉलमध्ये सोफ्यावर झोपायचे. तुमच्या खोल्या वर. सकाळी डोक्यावर तुमच्या पळापळीचा आवाज यायचा, कपाटाचं दार आपटायचं, कुणीतरी हसायचं, आणि मी चहाचा कप हातात धरून छताकडे बघत बसायचे. तुमच्या जिन्याला मध्येच वळण आहे आणि कठडा एकाच बाजूला. पहिल्या दिवशी मी त्या वळणापर्यंत पोचले, तिथे गुडघे थरथरायला लागले आणि तुमच्या बाबाने मला धरून खाली आणलं. त्यानंतर ‘वर चल’ असं कुणी म्हणालं नाही. तुम्ही चित्रं, गोळा केलेले दगड, सगळं खाली आणून दाखवलंत. खोली मात्र खाली आणता येत नाही.

परत आल्यावर ठरवलं, पुढच्या वेळी आपण वर जायचं.

बारामतीला व्यायाम शिकवणारी एक डॉक्टर मुलगी आहे, तिच्याकडे गेले. तिने गुडघे वाकवून बघितले आणि म्हणाली, “आजी, थकल्यावर परत फिरू नका. थकायच्या आधी फिरा. परतीचा रस्ता तेवढाच लांब असतो.” मला शिस्तीची आवड, त्यामुळे हे लगेच पटलं. घरी येऊन बेत आखला. आधी बाभळीपर्यंत. ते अंगवळणी पडलं की विहिरीपर्यंत, मग कॅनॉलच्या पुलापर्यंत, आणि शेवटी टेकाडावरच्या देवीच्या देवळापर्यंत. देवळाला दगडी पायऱ्या आहेत.

वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा संध्याकाळी फिरायला जायची पद्धतच होती. आजोबा रोज जायचे. मी घरी कपडे इस्त्री करत बसायचे. निवृत्तीनंतर आम्ही निमगाव केतकीच्या अलीकडे, वस्तीवर घर बांधलं. आता आजोबा नाहीत आणि फिरायची पाळी माझ्यावर आली. इथे काम असल्याशिवाय रस्त्याने कुणी चालत नाही. चालत निघालेला माणूस दिसला की गाडी थांबवायची आणि त्याला बसवून घ्यायचं, ही इकडची रीत.

तिसऱ्याच दिवशी शेजारचे दूधवाले थांबले. मोटरसायकलवरून डेअरीला निघाले होते.

“काकू, कुठं निघालाय?”

“इथंच, बाभळीपर्यंत.”

“बाभळीला काय हाय?”

“काही नाही. परत यायचं.”

ते गाडीवरून उतरले. मग दुधाची किटली मागून काढून पुढे टाकीवर घेतली. “बसा की. आमच्या गाडीवर बसायची लाज वाटती व्हय?”

साहेबांची बायको म्हणून मी आधीच लोकांना जरा परकी. बसले. त्यांनी मला थेट निमगावच्या स्टँडवर सोडलं, वर चहा पाजला आणि गेले. एसटी लवकर येईना. उन्हं चढायला लागली म्हणून चालत निघाले. डॉक्टर मुलीचा नियम मोडला होता, तोही माझ्या पायांनी नाही, दुसऱ्याच्या गाडीने. त्यानंतर गुडघे इतके सुजले की पुन्हा दारापासून सुरुवात करावी लागली.

हळूहळू पुन्हा बाभळीपर्यंत मजल गेली आणि एका जीपने उचललं. पुन्हा तेच.

मग एका सकाळी दूधवाले थांबले तेव्हा मी आधीच हात आडवा केला. “नको. पायी जायचं ठरवलंय.”

“कुठवर?”

“देवळापर्यंत.”

त्यांनी गाडी बंद केली. “देवीला बोललाय व्हय?”

नवस नाही, व्यायाम आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी चपलेतून पाय काढून छातीला हात लावला. “मग न्हाय बसवत. आधी सांगायचं न्हवं का काकू, एक डाव पाप झालं माझ्या हातनं.”

संध्याकाळपर्यंत माझा नवस वस्तीभर झाला. त्या दिवसापासून एकही गाडी थांबली नाही. जवळ आली की हळू व्हायची, माणूस मान लववायचा आणि पुढे जायचा. मला हवा तसा रस्ता मिळाला. बाभळीवरून विहीर, विहिरीवरून पूल, दम न लागता. पण दिवसभरात माझ्याशी जे काही बोलणं व्हायचं, ते त्या थांबलेल्या गाड्यांवरच व्हायचं, हे गाड्या थांबेनाशा झाल्यावर कळलं. घरी येऊन भांडी घासायचे तेव्हा लक्षात यायचं की सकाळपासून तोंड उघडलेलं नाही.

एकदा उसापलीकडून दूधवाल्यांच्या बायकोचा आवाज आला. “नातवंडं यावीत म्हणून चालती गं म्हातारी.”

मी थांबले. मला तुम्ही यायला नको होतात, मला तुमच्याकडे यायचं होतं, हे त्या उसाला सांगण्यात अर्थ नव्हता. पुढे चालू लागले.

देवळाच्या पायऱ्यांनाही तोच नियम लावला. आधी एकच पायरी चढून बसायचं. मग हळूहळू पुढची. काठी टेकवत गेल्या आठवड्यात वरपर्यंत गेले. वर देवी होती, घंटा होती, आणि खाली आपल्या पाण्याच्या टाकीचं झाकण चमकत होतं. पोचले, हे सांगायला जवळ कुणी नव्हतं. घंटा वाजवली.

बसत बसत पायऱ्या उतरले. दूधवाले रिकामी किटली घेऊन परत येत होते. लांबच थांबले, हाक न मारता.

“पुरा झाला का नवस?”

“अजून नाही. येताना गाडीवर बसलं तर चालतं का?”

“जायचंच बोलला हुता न्हवं?”

“हो, जायचंच.”

“मग यायचं कुठं काय ठरलंय? बसा.”

घरापर्यंत ते म्हशीबद्दल बोलत होते. विकावी की ठेवावी, बायको काय म्हणते, मेव्हणा काय म्हणतो. मी सगळं ऐकलं, एकदोनदा माझं मतही दिलं. आता रोज असंच चालतं. जाताना पायी, येताना गाडीवर.

तुमच्या जिन्याचा कठडा चढताना कोणत्या हाताला येतो, तेवढं बघून कळवा. मला आठवत नाही. देवळाला कठडा नाही, म्हणून काठी त्याच हातात धरून सराव करीन.