डावीकडे ओढणारी गाडी

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, गाडीची पुढची चाकं ओळंब्याने लावतात. चाकाशेजारी वजन बांधलेली दोरी सोडायची, चाक धरणाऱ्या वरच्या दांड्यापाशी, म्हणजे आर्मपाशी, पातळ चकत्या घालायच्या आणि चाक दोरीसारखं उभं राहिलं की झालं. कोणी तक्रार घेऊन आलंच तर उत्तर ठरलेलं, "गाडी सरळ आहे. तुमचा हात जड आहे." समोरच्या शिंप्यालाही त्यांनी हेच ऐकवलं. तेव्हापासून त्या जिवलग दोस्ताने गॅरेजात पाऊल ठेवलेलं नाही, आणि दाजी कसले नमतात!

पण या खेपेला गाडी आमच्या वडिलांची होती, जुनीपुराणी, आणि चालवून बघत होते खुद्द दाजी. गाडी डावीकडे ओढत होती. त्यांनी टायरांची अदलाबदल केली, बॉल जॉइंट नवे घातले, स्प्रिंगा मोजल्या. पुन्हा ओळंबा सोडला. चाकं उभी! रस्त्यावर नेली, तर परत डावीकडे. माझं तर डोकंच चालेना.

"नजर गेली माझी," दाजी म्हणाले. "ही सरळ झाली नाही तर गॅरेजला कुलूप लावतो. तूच बघ."

मी बघितलं. मलाही चाक सरळच दिसलं. आता दोघंही आंधळे की काय? एरवी मी चेष्टा केली असती, पण त्यांचा चेहरा बघून मी पुन्हा ओळंबा हातात घेतला.

तेवढ्यात ताई बादली घेऊन आली. "अहो, गाडी जरा हलवा. उजव्या भिंतीशी पाणी साचतं, ते काढायचंय."

"उजवीकडे? कधीपासून?"

"पाइप फुटून खालची माती वाहून गेली ना, तेव्हापासून. रोज उपसते मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

दाजींनी नळीत पाणी भरून पातळी बघितली. गॅरेजची जमीन उजवीकडे खचली होती. कलत्या गाडीची चाकं ते इमानेइतबारे उभी करत होते, आणि सपाट रस्त्यावर तीच डावीकडे कलत होती.

"म्हणजे नजर शाबूत आहे की, दाजी!" मी टाळीसाठी हात पुढे केला. टाळी आली नाही. ते रस्त्यापलीकडे बघत होते. शिंपी मान खाली घालून मशीन चालवत होता.

"त्याची गाडी मी पाइप फुटल्यानंतरच लावली ना गं?"

ताईने बादली खाली ठेवली आणि होकारार्थी मान हलवली.

दाजींनी हात पुसले, तशाच मळक्या कपड्यांत रस्ता ओलांडला आणि गिऱ्हाइकांदेखत शिंप्यासमोर उभे राहिले.

"तुझा हात जड नव्हता रे," ते म्हणाले.