आईनं ठोकलेली तार
पितळेच्या पॉलिशचा वास आला की मला न्यू जर्सीतलं ते जुनं रेल्वे स्टेशन आठवतं. तिथे आता म्युझियम आहे. बाबा गेल्यावर मी आईला साताऱ्याहून तिथल्याच एडिसन गावी माझ्या घरी आणलं, पण ती बोलेनाशीच झाली होती. एका रविवारी मी तिला ते म्युझियम बघायला नेलं. अमेरिकेत रेल्वे नवी असताना गाड्यांच्या खबरा ज्यावरून जायच्या, ते पितळी तारयंत्र तिथल्या टेबलावर मांडलं होतं. जन्मभर तार ऑफिसात नोकरी केलेल्या आईचा हात आपोआप त्याच्यावर गेला. कड, कट्ट, कड. तो आवाज ऐकून तिथले म्हातारे गाईड लगबगीनं आले, समोरच्या दुसऱ्या यंत्राशी बसले आणि त्यांनीही ठोकून उत्तर दिलं. दोघं बराच वेळ तशीच बोलत राहिली. शेवटी आईनं डोळे पुसले. “काय सांगितलंस गं त्यांना?” मी विचारलं. “तुझे बाबा गेले, ते कळवलं. त्यांचीही बायको गेलीय रे.” परतताना गाडीत ती बाबांबद्दल बोलायला लागली, पहिल्यांदाच. हायवेवरून घराकडे वळायचा आमचा एक्झिट आला, तो मी मुद्दाम सोडला. पुढे किती लांब गेलो, ते आजही मला सांगता येणार नाही.